पांढऱ्या पत्र्याखालचा वैशाख

महाडच्या बाजारात रायवळ आंबा उतरला की माझ्या पोटात दुखायला लागतं, तेही आंबा तोंडात न घालता. हापूससारखी त्याची पेटीबिटीची मिजास नसते. पाट्यांमधून आणतात आणि रस्त्याच्या कडेला ओततात. पिवळे, हिरवे, चिकाचे डाग पडलेले, कुणी गोड, कुणी नुसताच आंबट. बायका एकेक उचलून देठापाशी हुंगतात आणि घासाघीस करतात. मी लांबून जात असले तरी तो वास मला गाठतो आणि मला संगीता आठवते. संगीता म्हणजे माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. आंब्याच्या वासानं कुणाला आजोळ आठवतं, कुणाला शाळेची सुट्टी. मला भावजय आठवते आणि मी भर बाजारात जळायला लागते.

यंदाही तसंच झालं. वैशाख लागला, सावित्रीच्या पात्रातले दगड उघडे पडले, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना, आणि पहिल्या पाटीचा वास आला. पण यंदा मी नुसती जळत पुढे गेले नाही. अख्खी पाटी विकत घेतली. का घेतली हे सांगायचं तर आधी काही वर्षांपूर्वीचा तो वैशाख सांगायला हवा, ज्या वैशाखात मी आमच्या कुडपणच्या घराचा पत्रा पांढरा केला.

मी इथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. पत्र्यांवर, पाइपांवर, टाक्यांवर जी संरक्षक कोटिंगं लावतात ती आमच्याकडे बनतात. माझं काम मोजण्याचं. कोटिंगच्या एका अंगाला ऊब लागली तर ती दुसऱ्या अंगाला किती वेळात पोचते, वाटेत किती अडते, किती पसरते, ते मी मोजते. लग्नकार्यात कुणी विचारलं तर ‘रंगाच्या कंपनीत असते’ म्हणून मोकळी होते. खरं सांगायला गेलं की समोरच्या बाईचं लक्ष माझ्या साडीकडे जातं.

काम तसं दिसायला काहीच नाही. नाण्याएवढी धातूची चकती असते, तिच्यावर वहीच्या एक-दोन पानांइतका कोटिंगचा थर. चकती यंत्रात ठेवायची, झाकण लावायचं. आत प्रकाशाचा एक झोत पुढच्या अंगावर पडतो आणि मागच्या अंगावरचं यंत्र ऊब येण्याची वाट बघत बसतं. पडद्यावर एक रेघ आडवी पडलेली असते, ती उठते. पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. तेवढ्यासाठी मी अर्धा दिवस तयारी करते. आधी कोरी चकती मोजायची, मग कोटिंग लावलेली, मग दुसरीतून पहिलीचा हिशेब वजा करायचा. थर इतका पातळ असतो की खालची चकती त्याच्या नावावर आपलंच काहीतरी खपवते. आणि एक गोष्ट मी नव्यांना पहिल्याच दिवशी सांगते. थर दुप्पट जाड केला तर उबेला पलीकडे जायला दुप्पट वेळ लागत नाही, चौपट लागतो. जाडी थोडी वाढते, वाट बघणं फार वाढतं.

आमचं घर कुडपणला, पोलादपूर तालुक्यात, वर पठारावर. पोलादपूरहून जीप धरायची आणि वळणं घेत चढायचं. वर गेलं की हवा बदलते, महाडची तलखी खाली राहते. पण पत्रा तो पत्राच. पूर्वी मागची पडवी सोडली तर सगळीकडे कौलं होती. माकडांनी उड्या मारून मारून इतकी फोडली की दरवर्षी शाकारून आई कंटाळली आणि भावानं मुंबईहून पैसे धाडून पत्रे घातले. भाऊ मुंबईत असतो, वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष असतात तसा. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात चार दिवस येतो. घरात राहतात आई आणि संगीता, दोन म्हशी, काही शेळ्या. संगीताची पोरं खाली पोलादपूरला शिकायला. म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस त्या दोघीच एकमेकींच्या तोंडाकडे बघत असतात. मी इथे महाडला, माझे मिस्टर चिपळूणकडे नोकरीला, शनिवारी येणारे. आईला मी दरवर्षी म्हणते, उन्हाळ्यात चार दिवस माझ्याकडे ये. आई दरवर्षी म्हणते, येईन.

आता जळण्यासारखं काय आहे ते सांगते. आई संगीताला ‘बाय’ म्हणते. ‘बाय, शेळी बांधलीस का’, ‘बाय, भाकर टाक’. मला जन्मापासून मंदे. मंदाकिनी नाव तिनंच ठेवलं म्हणे, पण तोंडात मंदे. शिवाय संगीता तिला सासूबाई म्हणत नाही, आत्या म्हणत नाही, आई म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्या ताटातलं उचलून खाल्लं. रविवारी मी वर गेले की आई ओटीवर संगीताच्या डोक्याला तेल चोळत बसलेली असते. मला बघून म्हणते, “आलीस? बस.” आणि चोळतच राहते.

आणि आंबापोळी. आमच्या घरचा रायवळ चांगला, मागच्या दरडीवर दोन झाडं आहेत. वैशाखात आंबे पिकले की रस काढायचा, परातींना तुपाचा हात फिरवून त्यात पातळ ओतायचा आणि परात उन्हात ठेवायची. एक थर वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. माझ्या कामाचंच भावंड म्हणायचं, थरावर थर. अंगणात ठेवली तर कोंबड्या आणि शेळ्या, म्हणून आमच्याकडे परात पडवीच्या पत्र्यावर ठेवतात. घराच्या मागे दरड उंच आहे, तिथून पडवीच्या पत्र्यावर हात पोचतो. वरून ऊन, खालून तापलेला पत्रा, पोळी दोन्हीकडून वाळते. राखण आईची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. माकड दिसलं की डबा बडवायचा, कावळा दिसला की काठी. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत ती दरडीवर नाहीतर पडवीत असते, घामानं निथळते आणि ऊन किती वाईट आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

पोळी ओतायचं काम आता संगीताकडे आहे. पूर्वी आई ओतायची, मी परातीला तूप लावायची. संगीता फार छान ओतते असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. तिची पोळी कडेला जाड आणि मध्ये पातळ होते. हे मी जळून म्हणत नाही, मी मोजलं आहे. एकदा तिनं बांधून दिलेला तुकडा लॅबमध्ये नेऊन जाडी मोजायच्या यंत्राखाली धरला. मधला आकडा आणि कडेचा आकडा यांत एवढं अंतर, की आमच्याकडे असली चकती आली असती तर मी परत धाडली असती. आईला सांगितलं. आई म्हणाली, “हात बसंल तिचा.” माझी भाकरी वाकडी झाली होती तेव्हा आईनं माझा हात बसण्याची वाट पाहिली नव्हती, पाठीत धपाटा बसला होता.

त्या वर्षी ऊन भारी होतं. चैत्र संपायच्या आतच आई फोनवर म्हणायला लागली की दुपारी घरात बसवत नाही, डोकं तापतं, पत्रा नुसता कडकड वाजतो. मी म्हटलं, मग ये माझ्याकडे. म्हणाली, पोळी व्हायची हाय, बायला एकटीला कशी टाकू. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. आमच्याकडे पत्र्यावर मारायचं एक पांढरं कोटिंग होतं. निम्म्याहून जास्त ऊन वरच्या वर परतवतं आणि उरलेलं खाली सोडायला वेळ लावतं. महिनाभर मीच त्याच्या चकत्या मोजत होते. छटा जरा पिवळट आली म्हणून काही डबे बाजूला काढले होते. आमचे सर पुण्याचे, भला माणूस. त्यांना विचारलं तर म्हणाले, “घेऊन जा मंदाताई. घरच्या पत्र्यावर कसं चालतं ते आम्हालाही सांगा.”

मला आईचं डोकं गार करायचं होतं, हे खरंच. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं की आईनं वाडीतल्या बायकांना सांगावं, माझ्या मंदीनं केलं. संगीताला पत्रा गार करता येणार नव्हता. तिला तेल लावून घेता येत होतं, जाडजूड पोळी ओतता येत होती, पण हे तिच्या आवाक्यातलं नव्हतं. जीपच्या टपावर डबे बांधून मी चढले तेव्हा मला लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. भाऊ सुट्टीवर आलेला होता. त्यानं आणि मी मिळून पत्रा घासला, धुतला, आणि पांढरं मारलं. घराचं, ओटीवरचं, पडवीचं, सगळं. जरासाही कोपरा मी सोडला नाही. खाली उभं राहून आई म्हणत होती, “शाळेवानी दिसाया लागलं गो घर.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई आत आडवी झाली. मी उंबऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाली, “गार हाय गो. झाडाखाली बसल्यावानी.” संगीता चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. तिनं ऐकलं हे मी पाहिलं. परतीच्या वाटेवर घाटातलं प्रत्येक वळण मला सरळ वाटलं. त्या आठवड्यात लॅबमध्ये मी कुणावर चिडले नाही, असं मागाहून सगळे सांगत होते.

मग पुढच्या रविवारी वर गेले. मुद्दाम न कळवता. लॅबमधलं हातात धरून तापमान सांगणारं यंत्र मागून घेतलं होतं, आईला आकडा दाखवायला. घराला कडी होती. आमच्याकडे दिवसा कुलूप कुणी लावत नाही. कडी काढून आत गेले तर घर रिकामं. आईची वाकळ घडी घालून कोनाड्यात, पाण्याचा तांब्या झाकलेला, मांजर तेवढी कोपऱ्यात पसरलेली. आत इतकं गार होतं की घाम पुसायला काढलेला पदर मी परत खोचला. यंत्र पत्र्याकडे धरलं. आकडा मला हवा होता त्याहूनही चांगला होता, आणि तो दाखवायला मांजरीशिवाय कुणी नव्हतं.

शेजारची म्हातारी म्हणाली, खालच्या आळीत बघ, यशवंतदादाच्या पडवीत. उतरून गेले. यशवंतदादाच्या गंजक्या पत्र्यावर आमच्या पराती मांडलेल्या, पडवीत आई आणि संगीता. पडवी म्हणजे भट्टी. आई डोक्यावर ओला पदर घेऊन, लालबुंद तोंडानं, मांडीवर डबा आणि हातात काठी धरून बसली होती, आणि संगीताला कसलीतरी जुनी गोष्ट सांगत होती. दोघी हसत होत्या.

“हे काय?” मी म्हटलं. “घर सोडून इथं कशाला बसलीस?”

“पोळी वाळंना,” आई म्हणाली. “पैल्या दोन पराती आंबल्या. खालनं बुरशी धरली. म्हशीला घातल्या.”

माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. वरून ऊन होतं तसंच होतं, पण खालचा पत्रा आता तापत नव्हता. मीच त्याला तापू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. कोटिंग उत्तम चाललं होतं. एमआयडीसीतल्या कुठल्याही माणसाला हे सुचलं नसतं, कारण एमआयडीसीत कुणी पत्र्यावर आंबापोळी घालत नाही. मी मात्र लहानपणी त्याच पत्र्याखाली परातीला तूप लावत बसलेली होते.

“मग तुम्ही परात इथं ठेवा, पण तू तरी घरी थांब,” मी आईला म्हटलं. “घर किती गार झालंय. त्यासाठीच तर केलं.”

“घर गार हाय,” आई म्हणाली. “पन पोळी हितं हाय. मी तितं बसून काय राखू?” आणि मग संगीताकडे बघून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या पांढऱ्या पत्र्यानं माझ्या बायची पोळी घालवली.”

माझ्या बायची. आंबे आमच्या झाडाचे, परात आजीच्या वेळची, आणि पोळी तिच्या बायची. माझ्या अंगाची लाही झाली. त्यात संगीता म्हणाली, “असू दे वन्स. तुमी काय मुद्दाम केलंत का? आईंना गार वाटावं म्हनूनच केलंत.” ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. नणंदेनं भावजयीशी भांडायची सोय जुन्या लोकांनी उगाच करून ठेवलेली नाही. पण ही बाई भांडतच नाही, आणि मग सगळी जळजळ आपल्याच घशाशी येऊन बसते.

आमच्या लॅबमध्ये एक गंमत आहे. चकतीवर प्रकाशाचा झोत पडतो तेव्हा चकचकीत किंवा पांढरा थर तो परतवून लावतो, मग मोजणार काय? म्हणून मोजण्याआधी चकतीच्या दोन्ही अंगांना काळं फवारतात, ग्रॅफाइटचं. काळं लावल्याशिवाय मोजता येत नाही. पण हात जड झाला, काळं जरा जास्त बसलं, की ऊब कोटिंगमध्ये घालवते त्याहून जास्त वेळ काळ्यातच घालवते. मग रेघ उठते, आकडा येतो, सगळं व्यवस्थित दिसतं, आणि सर पडद्याकडे बघून म्हणतात, “हे कोटिंग मोजलेलं नाही. काळं मोजलंय.” ते सगळ्यांनाच म्हणतात. त्या सोमवारी एका नव्या मुलीला म्हणाले आणि मी उगाच मान खाली घातली. नंतर माझा मलाच राग आला. सरांना कुणाची नणंद व्हावं लागलेलं नाही, म्हणून त्यांना काळ्याचं प्रमाण जमतं.

पुढच्या खेपेला मी गंजलेल्या पत्र्यावर मारायचा काळा रंग घेऊन गेले. घर पांढरंच ठेवायचं आणि मागच्या पडवीचा पत्रा काळा करायचा, म्हणजे परात तिथे आणि आई शेजारी, घराच्या सावलीत. भाऊ मुंबईला गेला होता. दरडीवरून हात पोचत होता तेवढं मी रंगवत होते आणि डबा धरून संगीता उभी होती.  काळा रंग उन्हात हाताला चटके देत होता.

मग ती म्हणाली, “तुमचं बरं हाय वन्स.”

“माझं काय बरं?”

“तुमी यायच्या झालात की आई मागल्या दारी पानी तापवत्यात. वैशाखात पन. लाकडं नसली तर पाचोळा घालतील, पन तापवतील. मला आजवर कदी नाय तापवलं. बाळंतपनाचं सोडा.” ती हसत होती, पण डबा तिनं जरा तिरका धरला होता आणि तिला कळलं नव्हतं.

मला इतकं बरं वाटलं की ब्रश बुडवायचं राहून गेलं. वर्षानुवर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती एका बादलीभर पाण्यावरून माझ्यावर जळत होती. मी तिच्याकडे नीट बघितलं. ऊन लागून नाक सोललेलं, हातावर रंगाचे थेंब. त्या दिवशी मी आईनं तापवलेल्या पाण्यानं सावकाश आंघोळ केली, तांब्याचा आवाज बाहेर जाईल अशा बेतानं. जेवताना संगीताला आग्रह करून वाढलं. पण परतीच्या जीपमध्ये, घाट उतरता उतरता मला सुचलं, की पाणी पाहुण्यासाठी तापवतात. घरच्या माणसासाठी कोण तापवतं? माझा सगळा आनंद पोलादपूर यायच्या आत निवला.

पडवी काळी झाली आणि पोळी वाळली. आई पुन्हा दरडीवर जाऊन बसली, तोंड लाल करून ऊन किती वाईट ते सांगायला लागली. सरांनी विचारलं, पत्र्यावर कसं चालतंय? मी म्हटलं, उत्तम. पांढऱ्या पत्र्याखालच्या गारव्यात मांजर आणि तिची पिल्लं राहिली. ते घर आजही तसंच आहे. दोनदा परत पांढरं मारलं, पडवी दोनदा परत काळी केली. घाटाच्या वळणावरून बघितलं की पांढऱ्या पत्र्याला मागे काळी पट्टी दिसते.

यंदा मात्र वेगळं झालं. भावानं मुंबईला बरीशी खोली घेतली. सुट्टी लागल्यावर संगीता पोरांना घेऊन महिनाभरासाठी तिकडे जाणार असं ठरलं. म्हशी पूर्वीच विकल्या, शेळ्या यशवंतदादाकडे. राहिली आई. भावाचा फोन, मुंबईला ये. माझा फोन, महाडला ये. आई दोघांनाही म्हणाली, येईन, म्हणजे ती कुठेच जाणार नव्हती. पण एका दुपारी संगीतानं मला फोन केला आणि म्हणाली, “वन्स, आई माज्यासंगट यायचं म्हनत्यात. पिशवी भरलीय.” तिनं ते सहज सांगितलं, की मला आधी कळावं म्हणून सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही धरून चालले आणि दोन्हीसाठी तिच्यावर चिडले.

त्याच संध्याकाळी बाजारात तो वास आला आणि मी पाटी घेतली. रात्र पडायच्या आत रस काढला, घरातल्या सगळ्या पराती आणि मोठी ताटं तुपाळ केली. सकाळी गच्चीवर नेऊन ओतला आणि आईला फोन लावला.

“आई, मी पोळी घातलीय.”

“तू?” आई म्हणाली. त्या एका शब्दात माझी सगळी वाकडी भाकरी आली.

“गच्चीवर घातलीय. इथं माकडं नाहीत, पण कावळे फार. मी कामावर जाते. राखायला कुणी नाही.”

पलीकडे तिनं फोन कानापासून बाजूला केला. मग लांबून आवाज आला, आई संगीताशी बोलत होती, “तितं कावळं हायत म्हनं.” जणू काही महाडात वाघ शिरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती दारात उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्यात काठी, आणि पिशवीतून डोकावणारा पत्र्याचा डबा. मुंबईला जाणाऱ्या पिशवीतच तिनं डबा घातला होता का, हे मी विचारलं नाही.

सकाळी मी उठून आधी तिच्यासाठी गिझर लावला. ती न्हाणीच्या दाराशी येऊन म्हणाली, “एवढ्या उन्हाचं पानी कशाला तापवतीस? नळाचंच दे. मी काय पावनी हाय का?” मी गिझर बंद केला आणि कामाला जायची साडी शोधण्याच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले. कपाट उघडं होतं, साडी समोरच होती.

आता ती रोज टाकीच्या सावलीत गोणपाट टाकून बसते. वरच्या मजल्यावरच्या जाधवकाकू तिच्यासाठी ताक आणतात आणि ती त्यांना संगीताचं कौतुक सांगते. सून कशी गुणाची, सून कशी कष्टाची. मी जिन्यात चप्पल काढता काढता ऐकते आणि माझं पोट दुखतं. दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा मुंबईला फोन असतो. ‘बाय, जेवलीस का’, ‘बाय, पोरांना गाडीखाली जाऊ देऊ नगं’. मला ती जेवलीस का विचारत नाही, सरळ वाढते.

आमच्या सोसायटीची गच्ची पांढरी आहे. मागच्या वर्षी मीच मीटिंगमध्ये आमचं कोटिंग सुचवलं होतं. आई पहिल्याच दिवशी तिच्यावर तळवा टेकवून म्हणाली, “हिकडं पन तुझा पांढरा रंग? मंग ही कवा वाळायची?” उपाय मला चांगला ठाऊक आहे. लॅबमधून काळा पत्रा आणून परातींखाली सरकवला की झालं. तो पत्रा रोज माझ्या टेबलाखाली पायाला लागतो. मी आणलेला नाही. बुरशी धरू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पराती फिरवते, पोळी सुटी करून उलटते, आणि तेवढ्यावर भागवते.

काल संध्याकाळी आले तर आई एका परातीची कड चिमटीत धरून बघत होती. मी ओतलेली पोळी सगळीकडे सारखी आहे, कडेला आणि मध्ये. पण जाड आहे. संगीताच्या कडेपेक्षाही जाड. आई माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळलं आणि काय नाही, ते तिच्या तोंडावरून मला आजवर कधी मोजता आलेलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, असं ओततात का, आणि पिशवी भरेल. तिनं फोन मागितला.

“बाय,” ती फोनवर म्हणाली, “हिनं पोळी लय जाड वतलीय. वाळाया लई दिस लागतील. तू तुझ्या हिशोबानं घरी ये, मुंबईत माझी वाट बगू नगं. मी हाय हितंच.”

‘बाय’ अजूनही संगीताच. मी फोन घेऊन खाली गेले, उरलेल्या आंब्यांचा रस काढला, आणि आज सकाळी प्रत्येक परातीत आणखी एक थर ओतला.